मदत हवी आहे: अंगणातलं लॉन विरळ होतंय, पिवळं पडतंय (लातूर)

मंडळी, औसा रोडला घर बांधून अडीच वर्षं झाली. पुढं तीस बाय वीस फुटांत नर्सरीवाल्याकडून लॉन लावून घेतलं. सिलेक्शन वन, म्हणजे हराळीचाच बारीक पानांचा प्रकार. आजोबांनी जन्मभर वावरातली हराळी खणून फेकली आणि नातवानं तीच विकत आणून लावली, म्हणून वडील अजून हसतात. आता तीही जगेना म्हटल्यावर जास्तच.

पहिलं वर्ष बरं गेलं. सध्या कंपाऊंडच्या भिंतीलगत दोन-तीन फुटांचा पट्टा पिवळा आहे. नवी पानं फिक्कट निघतात, त्यांवर उभ्या हिरव्या-पिवळ्या रेघा. कडुलिंबाखाली नुसती माती. मधे गवत आहे, पण टक्कल पडायला लागलेल्या डोक्यासारखं.

खाली काळी माती, वर ठेकेदारानं टाकलेली चार इंच लाल माती. पाणी बोअरचं, फिल्टरवाल्याच्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 1400. पाऊस झाला की आठ दिवस बरं दिसतं, उघडीप पडून बोअर सुरू झालं की परत तेच.

युरिया टाकला, फरक नाही म्हणून परत टाकला, तर काही जागी पानं करपली. शेजारी म्हणतात हुमणी (मुळं खाणारी अळी) असेल, औषध ओता. ते अजून ओतलं नाही. रोज संध्याकाळी थोडं पाणी देतो आणि महिन्यातून एकदा मशीन अगदी खाली लावून कापतो. चुकतंय कुठं?

परभणीचा माळी:
दादा, औषध राहू द्या. आधी गवत मुठीत धरून ओढा. हुमणीनं मुळं खाल्ली असतील तर सतरंजीसारखं उचलून येतं आणि खाली पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या सापडतात.

मला तर तीन जागांचे तीन वेगळे आजार दिसतात. भिंतीलगत नव्या पानांवर रेघा आहेत, म्हणजे लोह मिळत नाही. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती. आपल्या जमिनीत चुना, बोअरच्या पाण्यात चुना. आणि गिलाव्याचा माल तिथंच कालवला होता का? तिथली माती वाटीत घेऊन व्हिनेगर टाका, जोरात फसफसली तर चुना जास्त आहे समजा. हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) मातीत टाकला तर चुना त्याला बांधून ठेवतो. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दोन आठवड्यांनी परत. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात.

मधल्या जागेत पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर खुपसा. दोन इंचांवर अडला तर जमीन दडपलीय. भोकं पाडा, चाळलेलं शेणखत पसरा. रोजच्या शिडकाव्यानं मुळं वरच राहतात आणि क्षारही वरच साचतात. तीन-चार दिवसांआड, पण भरपूर द्या, आणि सकाळी. कापताना उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका.

बीडकर:
कडुलिंबाखालचा नाद सोडा. हराळीला सावली चालत नाही. आम्ही तिथं बाज टाकलीय.

धागाकर्ता:
गवत ओढलं, हललं नाही. स्क्रू ड्रायव्हरला हातोडी लागली! भिंतीलगत खणलं तर दोन पाट्या सिमेंटचे गोळे आणि विटांचे तुकडे निघाले, माती सोड्यासारखी फसफसली. ते काढून माती बदलली, बाकीच्या पट्ट्यावर दोन फवारण्या केल्या. नवी पानं हिरवी येताहेत. मधली भोकं निम्मी झाली, पाठ धरलीय. बाजेवर वडील असतात.

आता एकच. सांगूनही पोर्चच्या पांढऱ्या फरशीवर डाग पडलेच. महालक्ष्म्यांची पावलं तिथूनच काढायची असतात. कशानं निघतील?