मदत हवी आहे: शाळेत जर्मन का जपानी?

नमस्कार मंडळी, मी चाकणजवळच्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला शिकवते. आमच्या बऱ्याच मुलांचे पालक इथल्या जर्मन, जपानी कंपन्यांत नाहीतर त्यांच्या व्हेंडरकडे कामाला आहेत, पण तो देश नेमका कसाय, तिथली मुलं शाळेत काय करतात हे पोरांना काहीच माहीत नाही, आणि विचारतात मात्र खूप! म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर भाषा क्लब सुरू करायचाय.

माझा कल जपानीकडे आहे. एकतर वाक्यात क्रियापद शेवटी येतं आपल्यासारखंच, आणि दुसरं म्हणजे वेळ. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे आपल्याकडे सकाळचे १० तेव्हा तिथे दुपारचा दीड, दोन्ही शाळा चालू असताना व्हिडिओ कॉल होऊ शकतो. जर्मनीत तेव्हा हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच असतात. पण २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी तिकडे कुशल कामगार पाठवण्याचा महाराष्ट्राचा करार झाल्यापासून पालक जर्मनच म्हणतायत, आणि त्यांचंही चूक नाहीये, नोकरीचा विचार येणारच.

तर कुणी शाळेत असं काही चालवलंय का? पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकणारं कुणी शनिवारी यायला तयार होईल का, प्रवासखर्च देऊ. आणि तिकडच्या एखाद्या शाळेशी पत्रमैत्री कशी जुळवायची, मुख्याध्यापकांना थेट मेल करायचा का? जपान-जर्मनीत राहणाऱ्या मराठी पालकांनी तर नक्की सांगा, तुमच्या मुलांच्या शाळेत विचारून बघाल का प्लीज?