गाडीचं कव्हर : दीड हजारात कोणतं घ्यावं?

कलमाखालची_गाडी: घर रत्नागिरीजवळ. गाडी लाल, आठ महिन्यांची, उभी असते हापूसच्या कलमाखाली. मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा टपावर गळतो, त्यावर धूळ बसून काळं होतं. वरून कावळे आहेतच. बजेट १५००, त्यावर एक रुपया नाही. कोणतं घेऊ?

चकचकीत: कव्हर नकोच, सिरॅमिक कोटिंग करा. मी २२ हजारांत केलं. पाणी नुसतं घरंगळतं!

ठाणेकर७१: ते १५०० म्हणतायत हो. माझं तीन पदरी आहे, आतून मऊ अस्तर, आरशांना खिसे. ४२०० ला पडलं, पण पाच वर्षं झाली.

स्पॅनर: कुठलंही घ्या, पण मळक्या गाडीवर घालू नका. धुळीवर कापड ओढलं की पॉलिश पेपरच. वाऱ्यात फडफडलं तरी तेच, म्हणून पोटाखालून पट्टा आवळायचा. आणि चिकटा पडला की कव्हर धुवायचं. तसंच परत घातलंत तर काय उपयोग?

गुहागरी: प्लास्टिकचं अजिबात नको. मी गणपतीत आठ दिवस मुंबईला गेलो, आल्यावर बघतो तर बॉनेटवर पांढरे डाग, रबरांना बुरशी. ओल आतच कोंडते. दुकानदार म्हणाला होता, "वॉटरप्रूफ आहे, डोळे मिटून घ्या." मिटले!

नानू: लाल घेतलीतच कशाला? उन्हात रंग उडतो. पांढरी घ्यायची.

ठाणेकर७१: पांढरीवर चिकटा जास्त दिसतो, नाना.

नानू: नानू. नाना नव्हे. आणि दिसला तर पुसता येतो.

चकचकीत: सिरॅमिकवर चिकटा एका पुसण्यात निघतो.

स्पॅनर: निघतो, पण रोज पुसायचं कोणी? कावळ्याची घाण आधी ओल्या फडक्याने भिजवा, मग उचला. घासू नका. उन्हात वाळली की रंगात खड्डा पडतो.

माऊची_आई: आमच्या कव्हरखाली मांजर व्यायलं. दीड महिना रिक्षाने फिरलो.

गुहागरी: फांदी छाटा ना सरळ.

कलमाखालची_गाडी: आजोबांनी लावलेलं कलम आहे. फांदी छाटा म्हणणाऱ्याला पेटी नाही. सगळ्यांचे आभार. कव्हर रद्द. बाबांनी खळ्यात माडाच्या झापांचा मांडव घातलाय, गाडी त्याखाली. खर्च सुंभाचा, ९० रुपये.

स्पॅनर: आणि पावसात?

कलमाखालची_गाडी: जूनमध्ये नवा धागा काढतो.