नान्नजला माळढोक दिसतच नाही, मग जायचं कशाला?

सोलापूर भागात काय बघावं यावर एकाने लिहिलंय की अक्कलकोटचा राजवाडा आणि तिथलं शस्त्रागार जरूर बघा, ते पटलं. पण 'माळढोक (माळरानावरचा मोठा, आता दुर्मिळ झालेला पक्षी) दिसत नाही, मग सोलापूरजवळच्या नान्नजला जाऊ नका' हे त्याचं म्हणणं अजिबात नाही पटलं. 1979 साली अभयारण्य झालं ते माळढोकासाठी, खरंय, पण तो माळ आजही जिता आहे. सकाळी लवकर गेलात तर काळविटांचे कळप दिसतात. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगांना पीळ. नशीब असेल तर लांडगाही.

एक मात्र पाळा, पायवाट सोडून गवतात शिरू नका. माळढोक, धाविक, टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. धाविकाची अंडी मातीच्या रंगाची, ठिपकेदार. पायाखाली गेली तरी कळत नाही. आणि कुसळं पायमोज्यात घुसतात ती वेगळीच.