बाहेरचे २५ शेक, मग आतले ४: पाणी पिऊन लोकलमध्ये बसायचं का?

ढोकाळी_नाका: सासूबाई, वय ५८, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज २बी. सोमवारपासून शेक (रेडिएशन) सुरू, आधी बाहेरून मशीनने, मग योनिमार्गातून आतले. त्यासाठी रोज ठाणे ते खारघर, पनवेल लोकलने. शेकाच्या वेळी लघवीची पिशवी (मूत्राशय) भरलेली हवी म्हणतात, तासभर प्रवासात ते कसं जमायचं? आणि आतला शेक झाल्यावर ३ वर्षांच्या नातवाला लांब ठेवायचं का?

लिनॅक_पाळी२: घरून पाणी पिऊन निघू नका. पोचल्यावर आधी लघवी करून यायची, मग साधारण अर्धा लिटर पाणी, आणि ४५ मिनिटं बसायचं. तुमच्या सेंटरने प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला वेगळं प्रमाण दिलं असेल तर रोज तेच. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर सारतं, म्हणून जुलाब कमी. रोज वेगवेगळं भरलं तर गर्भाशय जागेवरून हलतं आणि शेक नेमका बसत नाही. मशीन रखडलंय का, हे पाणी पिण्याआधी विचारा. केमोच्या दिवशी सलाईनमुळे मूत्राशय भराभर भरतं, तेही टेक्निशियनला सांगा. शेक नेमका बसावा म्हणून कंबरेवर केलेल्या खुणा घासून धुऊ नका.

इरिडियम१९२: नातवाला खुशाल मांडीवर घ्या. बाहेरच्या शेकाने अंगात काहीच उरत नाही. आतल्यात भूल देऊन नळ्या बसवतात, सीटी किंवा एमआरआय काढतात, प्लॅनिंगला दोनतीन तास जातात. एवढा वेळ पाय न हलवता पडून राहणं हाच खरा त्रास. मग तारेच्या टोकावरचा किरणोत्सर्गी इरिडियमचा दाणा नळीतून आत जातो आणि काही मिनिटांत मशीनमध्ये परततो. दाण्याची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते. त्यामुळे शेजारच्या बाईला ७ मिनिटं लागली आणि यांना १२, तर घाबरू नका, डोस तोच असतो. लांब राहायचा नियम थायरॉईडसाठी पोटात देतात त्या किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ चा, लोक दोन्हींची गल्लत करतात.

ढोकाळी_नाका: आभार. पावसात लोकल बंद पडून एखादा दिवस हुकला तर?

लिनॅक_पाळी२: त्याच दिवशी फोन करा. बाहेरचे-आतले मिळून ८ आठवड्यांत संपवायचे असतात. लांबलं तर गाठीला पुन्हा वाढायला वाव मिळतो. कधी एका दिवशी दोन शेक देऊन भरून काढतात, मध्ये किमान ६ तास सोडून.

वाशी_ओपीडी: जुलाब बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात. तेव्हा दूध, कोशिंबीर, मिसळ बंद. मऊ भात, मुगाचं वरण, ओआरएस. गोळी डॉक्टरांना विचारूनच. जांघेत पावडर नको, गरम पाण्याची पिशवी तर नकोच. ताप आला किंवा लघवी कमी झाली तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका.

बायका विचारायला लाजतात ते इथे लिहिते: नंतर योनिमार्ग आखडतो. जखम भरल्यावर, साधारण महिन्याभराने, डायलेटर (योनिमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत कांडी) आठवड्यातून २-३ वेळा ५-१० मिनिटं वापरायचा. नाहीतर पुढे तपासणीही नीट होत नाही.

आणि वर्षभराने शौचातून रक्त पडलं तर मूळव्याध समजून बसू नका. दुर्बीण करणाऱ्याला शेक झाल्याचं आधी सांगा, कारण शेकलेल्या भागाचा तुकडा तपासायला उगाच काढला तर ती जखम सहज भरत नाही.