इंदूरहून घेतलेला जुना ट्रक मुंबईत कसा आणावा?

भांडुपकर

सप्रेम नमस्कार. भांडुपमध्ये आमचा घरसामान हलवण्याचा व्यवसाय असून आजवर दोन टाटा 407 टेम्पोंवर काम भागत होते. गेल्या आठवड्यात इंदूरला जाऊन 2018 सालचा, बंद बॉडीचा टाटा 1109 पसंत केला आणि बयाणा देऊन आलो. गाडीचे कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र मालकाकडे आहे, पण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्जाचा बोजा अजून दिसतो. फिटनेस आणि नॅशनल परमिट चालू आहे, विमा दोन महिन्यांनी संपतो. गाडी चार महिन्यांपासून जागेवरच उभी आहे, ही एक गोष्ट मात्र मनाला खटकते.

इंदूर ते भांडुप अंतर सुमारे 600 किलोमीटर आहे. माझ्याकडे हलक्या वाहनाचा परवाना असून 407 मी अकरा वर्षे चालवत आहे, त्यामुळे गाडी स्वतःच चालवत आणावी असा विचार आहे. काकांचे म्हणणे असे की, रिकामी गाडी आणणे म्हणजे डिझेल आणि टोल पाण्यात घालणे. इंदूरहून भिवंडीचे भाडे सहज मिळते, तेव्हा ती भरूनच आणावी. निघण्यापूर्वी कोणती कागदपत्रे पुरी करावीत, गाडीचे काय काय तपासावे आणि काकांचे ऐकावे की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

वाशीचा वाहतूकदार

भांडुपकर, प्रथम परवान्याविषयी लिहितो, कारण सर्वांत मोठी चूक तिथेच होऊ घातली आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला हे खरे; पण तो 7500 किलोपर्यंतच्या गाड्यांपुरता आहे. 407 त्यात बसते. 1109 चे भारासहित एकूण वजन 11 टनांच्या पुढे जाते, आणि गाडी रिकामी असली तरी हिशेब आरसीवर नोंदलेल्या वजनाचाच होतो. तेव्हा अवजड वाहनाचा परवाना असलेला चालक सोबत घ्यावा आणि आपण क्लीनरच्या जागेवर बसावे.

आता कागदांचा क्रम. बँकेच्या पत्रावर मुदत लिहिलेली असते. ती टळण्याआधी नमुना 35 भरून इंदूरच्या कार्यालयात बोजा उतरवून घ्यावा. त्यानंतर मालकाने नमुना 28 वर ना हरकत प्रमाणपत्रासाठी, म्हणजे एनओसीसाठी, अर्ज करावा. मालकी हस्तांतराच्या नमुना 29 आणि 30 वर त्याच्या सह्या तुमच्यासमोर झालेल्या बऱ्या. कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे याच नमुन्यांवर, सही करून देणारा विक्रेता सोयीचा वाटतो, पण पुढे सही जुळली नाही की इंदूरच्या फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतात. एनओसीवर कार्यालयाने 30 दिवसांत नकार कळवला नाही, तर ती दिली असे कायदा मानतो. तरीही हातात कागद आल्याशिवाय निघू नये.

इथे एक पेच आहे आणि तो बहुतेकांना ऐनवेळी कळतो. मालवाहू गाडीची एनओसी घेताना जुने परमिट जमा करण्यास सांगितले जाते. परमिट जमा झाले की गाडी रस्त्यावर आणण्यासाठी तात्पुरते परमिट काढावे लागते, ज्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम 87 मध्ये आहे. म्हणून परमिट जमा करण्याच्या दिवशीच तात्पुरत्या परमिटचा अर्जही करावा.

विम्याच्या बाबतीत अर्धवट माहितीवर विसंबू नये. गाडी विकली गेली की तृतीय पक्षाचा विमा कलम 157 नुसार नव्या मालकाकडे आपोआप येतो आणि त्याने 14 दिवसांत कंपनीला कळवायचे असते. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप येत नाही. वाटेत अपघात झाला, तर समोरच्याची भरपाई होईल आणि तुमची गाडी तुमच्याच खर्चाने उभी राहील. निघण्यापूर्वी कंपनीकडून पॉलिसीत नोंद करून घेता आली तर उत्तम.

थकलेले ई-चलान परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहावेत. फास्टॅग जुन्या मालकाच्या नावाचा असतो आणि त्याच्या मनात आले की तो बंद होतो. मागे राजकोटहून आणलेल्या गाडीच्या बाबतीत माझे असे झाले आणि पुढच्या प्रत्येक नाक्यावर रोखीने दुप्पट टोल भरत आलो.

कळंबोली गॅरेज

वरील सदस्यांनी कागदांचे नीट सांगितले आहे, मी फक्त लोखंडाचे सांगतो. चार महिने उभी असलेली गाडी ही चालती गाडी समजू नये.

डिझेल टाकीच्या तळाशी पाणी साचलेले असते, म्हणून टाकीचे खालचे बूच उघडून थोडे डिझेल सोडून द्यावे आणि दोन्ही फिल्टर बदलून घ्यावेत. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांमधील पाणीही काढावे. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्यावी, मग इंजिन बंद करून ब्रेकचे पॅडल दाबून धरावे आणि दुसऱ्या माणसाने गाडीखाली कान देऊन ऐकावे. कुठे सूं असा आवाज येत असेल किंवा हवेच्या दाबाचा काटा झरझर खाली येत असेल, तर ब्रेक चेंबरचा डायफ्रॅम (रबरी पडदा) किंवा पाइप गेलेला आहे. उभ्या गाडीचे ब्रेक लायनर (घर्षणपट्ट्या) चाकाच्या ड्रमला चिकटतात, त्यामुळे चारही बाजूंचे ड्रम उघडून पाहिल्याशिवाय मी तरी गाडी घाटात घालणार नाही. हब (चाकांचे मधले भाग) उघडलेच आहेत, तर बेअरिंगला नवे ग्रीसही भरून घ्यावे.

टायरवरच्या चार आकडी खुणेतील पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी कडेला बारीक भेगा पडलेला टायर उन्हात फुटतो. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, टायर अजिबात चालवू नये. स्टेपनी, जॅक, पाना आणि टॉमी गाडीत असल्याची खात्री करावी, कारण विकणारा या वस्तू हमखास उतरवून ठेवतो.

एवढे झाल्यावर लगेच मुंबईचा रस्ता धरू नये. इंदूरहून देवासला जाऊन परत यावे, म्हणजे साधारण 70-75 किलोमीटर होतात. परतल्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावे. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथे ब्रेक धरून आहे किंवा बेअरिंग खराब आहे. चाकांचे नट पुन्हा आवळावेत, कूलंट आणि ऑइलची पातळी पाहावी. हा एक दिवस वाया गेला असे वाटेल, पण गॅरेज इंदूरच्या गल्लीत सापडते, सेंधव्याच्या पुढे रात्री सापडत नाही.

या रस्त्यावर तुम्हाला उतारच उतार आहेत. मानपूर सोडले की नर्मदेकडे उतरणारा गणपती घाट, सेंधव्यानंतर बिजासन, आणि इगतपुरीनंतर कसारा. बिजासन उतरला की पळासनेर लागते. जुलै 2023 मध्ये तिथे ब्रेक निकामी झालेला ट्रक रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसून अनेकांचा जीव गेला. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. भाड्याचा चालक डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करू लागला, तर त्याला स्पष्ट मनाई करावी. या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेलचा पुरवठा तसाही थांबतो, त्यामुळे न्यूट्रलने वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा रोध मात्र हातचा जातो.

मुलुंड चेकनाका

काकांच्या सूचनेविषयी दोन शब्द, कारण ती वरकरणी शहाणपणाची आहे. रिकाम्या गाडीला लिटरमागे 7 ते 8 किलोमीटर धरले, तर 600 किलोमीटरला 75 ते 85 लिटर डिझेल लागेल. भाड्याने यातले बरेचसे निघेल हे मान्य. पण माल भरला की प्रवासाचा मालक बदलतो: व्यापाऱ्याला माल ठरल्या वेळी भिवंडीत हवा असतो, आणि धुळ्यात एखादे चाक तापलेले आढळले तरी तुम्ही थांबणार नाही, पुढे रेटाल. शिवाय नाव दुसऱ्याचे, ब्रेक अनोळखी आणि उतारावर सहा टनांचा जोर. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा, म्हणजे मनाला लागत नाही.

वाशीकरांच्या एका मुद्द्याला पर्यायही आहे. मालकाच्याच चालकाने, मालकाच्याच परमिटवर आणि विम्यावर गाडी भांडुपला पोहोचवावी आणि उरलेली रक्कम इथे गाडी पाहून द्यावी, अशी अट घालता येते. विकणारे सहसा नाखूश असतात. पण नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे कागद नीट होण्याची गरज त्यालाही तुमच्याइतकीच आहे, हे त्याला सांगून पाहावे.

लो-बेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ठेंगण्या ट्रेलरवर, चढवून आणणे धडधाकट गाडीसाठी परवडत नाही. (गाडी मंगळूरच्या बाजूची असती, तर सुरतकलहून कोलाडपर्यंत कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेने, म्हणजे ट्रक रेल्वेवर चढवून, घाट टाळता आले असते, इंदूरहून तशी सोय नाही.) कसारा टाळायचा असेल, तर इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढून बोगद्यातून भिवंडीजवळच्या आमण्याला उतरता येते. तो टप्पा जून 2025 पासून खुला आहे. टोल जास्त पडतो, पण पहिल्या खेपेला मी तो दिला असता. ठाणे आणि मुंबईत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून भिवंडीला थांबून रात्री उशिरा आत यावे. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवरची टोलमाफी लहान गाड्यांसाठी आहे, आपल्याला पैसे भरावेच लागतात.

भांडुपकर

सर्वांचे मनापासून आभार. मालकाने गाडी पोहोचवण्यास नकार दिला, म्हणून बोजा उतरवणे, एनओसी आणि तात्पुरते परमिट यांत 26 दिवस गेले आणि काल पहाटे गाडी भांडुपला आली. ड्रम उघडल्यावर मागच्या डाव्या चाकाचा लायनर खरोखरच चिकटलेला निघाला. स्टेपनीवर 4717 असा आकडा होता, म्हणजे ती गाडीच्या जन्मापासूनची; ती तिथेच बदलली. देवासच्या फेरीनंतर दोन नट सैल झालेले सापडले, एरवी तक्रार नव्हती.

गाडी रिकामीच आणली. चालक आमच्याच गल्लीतला होता, त्यामुळे न्यूट्रलवरून एकदाच वाद झाला आणि तोही गणपती घाटाच्या आधीच मिटला. मुक्काम धुळ्याला केला, इगतपुरीहून समृद्धीने आलो. आता वडाळ्याच्या कार्यालयात नव्या क्रमांकासाठी नमुना 27 भरला असून तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. तोवर गाडी एमपी 09 च्या पाटीसह दारात उभी आहे आणि काकांनी कितीही सांगितले तरी तिला कामावर लावलेले नाही.