मदत हवी आहे: सोलापूर ते लेह, विमानाचं अंतर आणि खरोखर लागणारा वेळ

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ दीड वर्षापासून लेहला रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे. आईला (वय ६६, बीपीची गोळी चालू) त्याच्याकडे न्यायचंय. ती आजवर विमानात बसलेली नाही. सोलापुरातल्या होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं सुटायला लागल्यापासून तिनं मनात घेतलंय की जायचं तर घरापासून विमानानंच.

एका साइटवर सोलापूर-लेह १८४० किमी, वेळ अडीच तास असं दाखवतं. आईला मी तेच सांगून बसलो. पण थेट विमान नाहीच. सोलापूर-मुंबई साधारण ३६०, मुंबई-दिल्ली ११४०, दिल्ली-लेह ६२०, म्हणजे २१२० किमी. अंतर तर २८० किमीनंच वाढलं, मग वेळ किती धरायचा? एका दिवसात पोहोचता येईल का? आणि भावासाठी शेंगाचटणी, कडक भाकरी न्यायचीय, ती कुठल्या बॅगेत ठेवू?

प्रतिसाद:
दादा, ते अडीच तास म्हणजे नकाशावरची सरळ रेघ भागिले जेटचा वेग, एवढंच. तिन्ही तिकिटांवरचे वेळ मिळवले तरी पावणेपाच तासांच्या आसपास जातात. पण खरा वेळ मधल्या थांब्यांत जातो. लेहचा विमानतळ ३२५६ मीटर उंचीवर आहे. दुपारी तिथं वारा सुटतो, आणि हवा तापून आणखी विरळ झाली की भरलेल्या विमानाला उड्डाण जड जातं. म्हणून बहुतेक विमानं सकाळीच असतात. तेव्हा आदल्या दिवशी दिल्ली गाठा, रात्री मुक्काम करा आणि पहाटे निघा. दारातून दारात एक दिवस-रात्र धराच. हवा बिघडली तर लेहचं विमान रद्द होतं, त्यामुळे परतीला एक दिवस हाताशी ठेवा.

एवढ्या उंचीवरची विरळ हवा अंगाला सोसायला वेळ लागतो, तेव्हा आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा, ही पायरी चुकवू नका. मी माझ्या वडिलांना नेलं तेव्हा उतरल्यावर त्यांना बरं वाटत होतं, म्हणून लगेच बाजारात हिंडवलं आणि रात्रभर त्यांचं डोकं ठणकत राहिलं. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. चटणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तिखट असलं की तपासणीत अडवू शकतात. पुडी गच्च बांधू नका, वर गेल्यावर फुगते. आणि बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं.

मूळ धागाकर्ता:
मनापासून आभार. सिमचं तर डोक्यातच नव्हतं, दोघांचेही फोन प्रीपेड आहेत. आईला दिल्लीच्या मुक्कामाचं सांगितलं, ती तयार आहे. उद्याच डॉक्टरांकडे नेतो. दिल्ली विमानतळाजवळ वयस्कर माणसाला घेऊन एक रात्र राहण्यासारखी, फार महाग नसलेली जागा कुणी स्वतः राहून पाहिली असेल तर कृपया सांगा.