कॅमेरा कुणाचा, उजेड कुणाचा
'चारुलता' या चित्रपटापासून सत्यजित राय कॅमेऱ्याला स्वतः डोळा लावत, म्हणून छायाचित्रणही त्यांचंच, असं काहीजण म्हणतात. पहिला भाग बरोबर, दुसरा पटत नाही. फ्रेम धरणं आणि प्रकाश बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅमेऱ्यामागे गेलं की आपण नटांना दिसत नाही आणि ते मोकळे होतात, हे राय यांचं एक कारण होतं. दिवे मात्र 'नायक'पर्यंत (१९६६) बहुतेक वेळा छायाचित्रकार सुब्रत मित्रांचे, नंतर बहुतेक वेळा छायाचित्रकार सौमेंदू राय यांचे.

मित्रांचं खरं कर्तृत्व पाहायचं तर 'अपराजितो' (१९५६). काशीच्या घराचा चौक पावसाच्या भीतीने कोलकात्याच्या स्टुडिओत उभारावा लागला. अशा चौकात उजेड फक्त वरच्या आकाशाच्या तुकड्यातून झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. सरळ दिवे लावले की एकाच माणसाच्या तीन-चार सावल्या भिंतीवर पडतात आणि सेट लगेच उघडा पडतो. मित्रांनी सेटच्या वर चौकटीत ताणलेलं पांढरं कापड बसवलं, दिवे खाली ठेवून तोंडं वर केली आणि कापडावरून परतणाऱ्या उजेडात चित्रण केलं. यात प्रकाश भरपूर वाया जातो. दिवे वाढवा, नाहीतर भिंगाचं छिद्र जास्त उघडा. जास्त उघडलं की फोकसची खोली, म्हणजे चित्र स्पष्ट दिसतं तो पट्टा, घटते आणि नट जरा पुढे सरकला तरी चेहरा धूसर होतो. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांच्या भिंतीही तितक्याच अस्सल होत्या, ते श्रेय वेगळंच.